सव्वा लाखाचा डोळा

दवबिंदूच्या पानावरचे थेंब पायवाट न सोडता मोजता येतात! कासच्या पठारावर हे मी स्वतः पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे. दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा इंडिका, जेमतेम वीतभर वाढणारं कीटकभक्षी झाड. पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्या थेंबाला भुलून आलेलं चिलट कायमचं अडकतं. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना ही आकृती मी फळ्यावर कितीदा काढली असेल! हातभिंगातूनही बघितलीय. पण हातभिंग लावायचं तर जमिनीला नाक टेकावं लागतं, आणि कासला पायवाट सोडून आत पाऊल टाकलं की कुठलं ना कुठलं रोप चिरडतंच. म्हणून तिथे जायचं, लांबून गुलाबी ठिपके बघायचे, "तो बघा दवबिंदू" असं मी म्हणायचं आणि मुलांनी "कुठे, मॅडम?" असं विचारायचं, हेच चालत आलं होतं.

2024 च्या पावसाळ्यात मी नवा फोन घेऊन गेले. पायवाटेच्या कडेला उकिडवी बसले, पडद्यावरच्या 5 या आकड्यावर बोट टेकवलं, आणि दोन-अडीच हातांवरचं ते रोप एकदम समोर आलं. केस न् केस सुटा! प्रत्येक केसावरचा थेंब वेगळा, आणि मधल्या पानावर एक चिलट. पंख चिकटलेले, एक पाय मोकळा, आणि तो पाय हलत होता. माझ्या खांद्यावरून वाकून बघणारी एक मुलगी ओरडली, "मॅडम, जिवंत आहे ते!" मग कुणी तिथून हलेना. मागची रांग तुंबली, मागच्या लोकांनाही बघायचं होतं, आणि पुण्याहून आलेल्या एका आजोबांनी तर फोन माझ्या हातातून घेऊन नातवाला धडाच दिला. पुस्तकातली आकृती आणि पायाशी उगवलेलं झाड यांच्यात जे अंतर होतं ते त्या दिवशी मिटलं. शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख नसतं.

आता किमतीकडे वळते, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो.

फोन आहे सॅमसंगचा गॅलेक्सी एस 24 अल्ट्रा. 17 जानेवारी 2024 ला तो जाहीर झाला आणि 256 जीबीच्या फोनची किंमत लागली 1,29,999 रुपये. आईला आकडा सांगितला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अगं, दोन तोळे आले असते." तिचं गणित चोख होतं, त्या वेळच्या भावाने दोन तोळ्यांच्या आसपासच ही रक्कम जाते. सोनं तेव्हापासून वर चढलं आणि फोनची किंमत मात्र पहिल्या दिवसापासून उतरायला लागते, हेही खरं. गुंतवणूक म्हणून फोनकडे बघणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. पण मी तो वापरायला घेतला, आणि मला तपासायचं होतं ते वेगळंच: वीस हजारांच्या फोनवरून इथे आल्यावर वरच्या लाखात नेमकं काय मिळतं? चकचकीत पेटी आणि चारचौघांत मिरवणं एवढंच, की ज्यावाचून खरोखर अडत होतं असं काही?

मिळतं! आणि जे मिळतं त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट फोनच्या पोटात आडवी निजलेली आहे.

लांबचं जवळ दिसायचं तर भिंग आणि संवेदक यांच्यात लांबी लागते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्याला हातभर नळकांडं असतं ते याचसाठी. फोनची जाडी 8.6 मिलिमीटर. एवढ्यात ती लांबी बसवायची कुठे? तर प्रकाश पाठीवरच्या खिडकीतून आत येतो, तिथे बसवलेला लोलक त्याला काटकोनात वळवतो, आणि मग तो फोनच्या जाडीतून न जाता अंगाला समांतर, आडवा, एकामागून एक भिंगांतून जात संवेदकावर पोहोचतो. पाणबुडीच्या पेरिस्कोपचं तत्त्व. पाठ्यपुस्तकात आपण लोलक शिकतो तो सप्तरंगांसाठी, आणि इथे तोच लोलक खिशात बसून मला चिलटाचा पाय दाखवतोय! हे कळलं त्या संध्याकाळी मी फोन उलटा करून त्या खिडकीत टॉर्च मारून बघत बसले होते. इतर भिंगं गोल दिसतात, हिच्या तळाशी मात्र चौकोन दिसतो. दुकानात गेलात तर जरूर बघा.

ही कल्पना काही कालची नाही. मिनोल्टाने 2002 साली डिमाज एक्स नावाच्या चपट्या कॅमेऱ्यात प्रकाशाला असंच वळवलं होतं. फोनमध्ये ती खऱ्या अर्थाने गाजली 2019 साली, हुआवेच्या पी 30 प्रोमध्ये. सॅमसंगने आधीच्या तीन अल्ट्रा फोनांत दहा पट जवळ आणणारं भिंग दिलं होतं. या फोनात ते काढून पाच पटीचं बसवलं, पण त्यामागचा संवेदक दहा मेगापिक्सेलवरून पन्नास मेगापिक्सेलवर नेला. चंद्र आणि क्रिकेटचं मैदान ज्यांना हवं होतं ते या बदलावर नाराज झाले. माझ्या मते मात्र हा बदल फुलांसाठीच केल्यासारखा आहे. दहा पटीच्या भिंगासाठी फार मागे सरावं लागतं आणि हात जरा हलला की सगळं बिघडतं. पाच पटीत पायवाटेवर राहूनच काम होतं, आणि पन्नास मेगापिक्सेलमुळे नंतर फोटो कापून मोठा केला तरी केसांची टोकं शाबूत राहतात.

मुख्य कॅमेऱ्याची जाहिरात 200 मेगापिक्सेल अशी होते. आकडा कानाला मोठा लागतो, म्हणून आधी मी त्याकडे संशयानेच बघितलं. पण त्यातलं खरं कौतुक उलटंच निघालं. हे वीस कोटी ठिपके अतिशय बारीक आहेत, प्रत्येकी 0.6 मायक्रॉन. अंधार पडायला लागला की शेजारचे सोळा ठिपके एकत्र येऊन एकच मोठा ठिपका बनतात आणि फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा निघतो. रिमझिम पावसात सोळा वाट्या मांडण्याऐवजी एक परात ठेवावी, तसं. कासवरून परतताना सूर्य गेलेला, धुकं उतरलेलं, अशा उजेडात काढलेल्या सोनकीचा पिवळा रंग पिवळाच आला. माझ्या आधीच्या फोनवर त्या वेळचं सगळं पठार राखाडी चिखल दिसायचं. भर उजेडात मात्र पूर्ण 200 वर काढून बघा: दरीपलीकडच्या कड्यावरचं झाड वेगळं काढता येतं. एकेक फोटो बराच जड होतो, पन्नास एमबीच्या आसपास, आणि या फोनमध्ये मेमरी कार्ड बसत नाही, हे घेण्याआधी ध्यानात असू द्या.

अगदी जवळून फोटो घेताना फोन आपणहून रुंद कोनाच्या भिंगावर जातो. पायवाटेला लागूनच उगवलेला गेंद मी तसा टिपला, पांढऱ्या बोंडातली एकेक कळी दिसली. पण इतक्या जवळ गेलं की फोनची स्वतःचीच सावली फुलावर पडते. म्हणून शक्य तिथे दोन पावलं मागे सरून पाच पटीचंच भिंग वापरायचं, हे मी आता मुलांनाही शिकवते.

कासला 2012 साली जागतिक वारशाचा मान मिळाला तो पश्चिम घाटाच्या यादीत. साडेआठशेहून जास्त फुलझाडांची नोंद असलेलं ते पठार माणसांच्या पायांनीच झिजतंय. चांगल्या फोटोसाठी आत शिरणारे, फुलांत बसून सेल्फी काढणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. लांबून जवळचं दाखवणारं भिंग जर माणसाला पायवाटेवरच थांबवू शकलं, तर त्याची किंमत करताना हेही धरायला हवं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

बाकीच्या गोष्टींतली एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऊन! पावसाळी ढगांतून अचानक लखकन ऊन पडतं तेव्हा साध्या फोनच्या पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. या फोनच्या पडद्यावर कॉर्निंगची गोरिला आर्मर नावाची काच आहे आणि ती प्रतिबिंब खूपच कमी करते. कंपनी 75 टक्क्यांपर्यंत म्हणते. मला टक्के मोजता येणार नाहीत, पण जुना फोन आणि हा शेजारी धरून ट्यूबलाइटखाली तिरके केले, तर जुन्यात अख्खी ट्यूब पांढरीफेक दिसते आणि ह्यात तिची नुसती मळकट जांभळी सावली. उन्हात फुलावर फोकस बसला की नाही हे आता कपाळावर हात धरून बघावं लागत नाही.

आणि पाऊस. पडद्यावर थेंब पडले की बोटाचा स्पर्श वेड्यासारखा वागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या फोनच्या पोटातून एक लेखणी निघते, एस पेन. तिचं काम चुंबकीय क्षेत्रावर चालतं, बोटासारखं त्वचेच्या विजेवर नाही, त्यामुळे भुरभुर चालू असतानाही ती बरोबर उमटते. मी फोटोवरच फुलाचं नाव, जागा, आजूबाजूचं गवत असं लिहून ठेवते. सीतेची आसवं, तेरडा, कवला, हळुंदा: प्रत्येकाच्या फोटोवर माझ्या अक्षरातली नोंद. भिजलेल्या वहीची लगदा झालेली पानं उन्हात वाळवत बसायचे दिवस गेले! एक सावधगिरी: फोनला आयपी 68 दर्जा आहे, म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकावा अशी चाचणी झालेली असते, पण पाणी शिरून बिघाड झाला तर तो सर्वसाधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. पावसात वापरा, ओढ्यात पोहायला नेऊ नका.

पावसाळ्याआधी, फोन नवाकोरा असताना, थंडीत आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो, पवनचक्क्यांच्या बाजूला. एक्सपर्ट रॉ नावाचं सॅमसंगचंच ॲप फुकट मिळतं, त्यात आकाशाचे फोटो काढायची सोय आहे. फोन तिपाईवर लावायचा, वेळ निवडायची, आणि मग दहा मिनिटांपर्यंत हात लावायचा नाही. फोन एकामागून एक फोटो घेत जातो, तारे सरकतात त्याचा हिशेब ठेवून ते एकावर एक बसवतो. समोर मृग नक्षत्र होतं. पडद्यावर उतरलं तेव्हा आम्ही सगळे एकदम गप्प झालो आणि मग सगळे एकदम बोलायला लागलो! काक्षी तांबूस, राजन्य निळसर, मधला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाणाखाली धुरकट गुलाबी डाग. तो मृगाचा तेजोमेघ, जिथे आत्ता तारे जन्माला येताहेत. फोनमधून! माझा भाऊ अभियंता आहे, सहजासहजी कशाने भारावत नाही, तो म्हणाला, "ताई, परत काढ. दहा मिनिटांवर लाव."

चंद्राच्या फोटोबद्दल मात्र स्पष्ट सांगते. शंभर पट झूम करून काढलेला चंद्र दाखवला की लोक तोंडात बोट घालतात, पण त्याचं सगळं श्रेय भिंगाचं नाही. समोर चंद्र आहे हे ओळखून सॉफ्टवेअर त्यावरचे तपशील ठळक करतं, हे सॅमसंगने स्वतः 2023 साली खुलासा करून सांगितलं आहे. मला म्हणून चंद्रापेक्षा चिलटाचा पाय मोलाचा वाटतो. तो पाय कुणी आत भरलेला नाही.

कमी काय आहे? वजन, सव्वादोनशे ग्रॅमच्या वर, सलवारच्या खिशात फोन ओढल्यासारखा लोंबतो. डब्यात चार्जर नसतो, तो वेगळा घ्यायचा. उडत्या मधमाशीवर फोकस धरताना अजूनही दमछाक होते. गवताच्या पात्यांवर कधीकधी गरजेपेक्षा जास्त धार चढवलेली दिसते. खरा कॅमेरा आणि खरं मॅक्रो भिंग यांची बरोबरी होत नाही, आणि ज्याला छापील पुस्तकासाठी फोटो हवेत त्याने तेच घ्यावं. पण तो संच घ्यायला जावं तर तोही लाखाच्या घरात जातो, दीड-दोन किलोचं ओझं पाठीवर येतं, आणि वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा तर शेवटी फोन लागतोच.

आता हिशेब. किमतीत 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 1,29,999 मधले सुमारे 19,830 रुपये कराचेच. मला सगळ्यात जास्त पटवलं ते सात वर्षांच्या अपडेटच्या वायद्याने. आधीच्या वर्षीच्या एस 23 मालिकेला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट असा वायदा होता. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 ला सात वर्षं देऊ असं जाहीर केलं, आणि तीन महिन्यांत सॅमसंगनेही एस 24 मालिकेसाठी तेच कबूल केलं: सात आवृत्त्या, सात वर्षं सुरक्षा. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची, आपण विकत घेतल्यापासून नाहीत, म्हणजे साधारण 2031 पर्यंत. माझा जुना फोन दोन वर्षांतच अपडेटविना पडला होता; बँकेचं ॲप ज्यावर चालवायचं तो फोन असा उघडा ठेवणं मला मनापासून धोक्याचं वाटतं.

सात वर्षं टिकवला तर दिवसाला 51 रुपये पडतात. वीस हजारांचा फोन तीन वर्षं वापरला तर दिवसाला 18. म्हणजे "महागडा फोन शेवटी स्वस्तच पडतो" हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर नाही, तो जवळजवळ तिप्पटच पडतो, आणि सात वर्षांत एकदा तरी बॅटरी बदलावी लागेल ती वेगळीच. आणि दर दोन वर्षांनी नवा घेणाऱ्याच्या बाबतीत तर सगळा हिशेब कोसळतो. मी तो सात वर्षं वापरणार आहे. कासची टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. एका फोनात तिचा एक बहर नक्की सापडेल, या विचारानेच मला आनंद होतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, की तुम्ही कशाचे फोटो काढता? व्हॉट्सॲप, यूपीआय, मुलांचा वाढदिवस, गणपतीची आरास एवढंच असेल तर वीस-पंचवीस हजारांत उत्तम फोन मिळतो, उरलेले पैसे बँकेत ठेवा. लांबचं जवळ हवं पण लाख नाहीत, तरी वाट आहे. 2024 च्याच जानेवारीत रिअलमीने 12 प्रो प्लस आणला, त्यात तीन पट जवळ आणणारं पेरिस्कोप भिंग आहे, आणि सुरुवातीची किंमत होती 29,999 रुपये! तो आडवा लोलक तीस हजारांत आला ही मला त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी वाटते. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाच्या हातातही आता तो येऊ शकतो. माझ्यासारखं फुलांचं, पाखरांचं, आकाशाचं वेड असेल, हप्ते भरताना घर अडणार नसेल आणि फोन खरंच सात वर्षं सांभाळणार असाल, तर अल्ट्रा घ्या. घाई मात्र करू नका, सणासुदीच्या सेलपर्यंत थांबलात आणि जुना फोन एक्स्चेंजला दिलात तर पुष्कळ फरक पडतो.

घेण्याआधी दुकानात डेमोचा फोन मागून घ्या आणि काउंटरवरच न बघता बाहेर फुटपाथवर या. पाच पटीवर रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर वाचा. मग ऊन पाठीशी घेऊन पडदा बघा. दोन्ही वेळा तोंडातून "अरे!" आलं नाही, तर हा फोन तुमच्यासाठी नाही. आणि घेतलातच, तर बिल होताक्षणी काउंटरवरचा मुलगा सवयीने साधी टेम्पर्ड ग्लास चिकटवायला पुढे येईल, त्याचा हात धरा. ती काच वर बसली की खालच्या काचेचा प्रतिबिंब कमी करणारा सगळा गुण गेला; लावायचीच असेल तर प्रतिबिंब रोखणारीच मागा.